जिभेचा कौल

मुंबईत राहणाऱ्या माणसाला परगावचा पाहुणा दोन प्रश्न हमखास विचारतो. ‘समुद्र इथून किती लांब?’ हा पहिला, आणि ‘इथे चांगले खायला कुठे मिळते?’ हा दुसरा. पहिल्याचे उत्तर मी चटकन देतो. दुसऱ्याचेही पूर्वी तसेच देत असे. दादरला चाळीस वर्षे काढलेल्या माणसाला तेवढाही अधिकार नसावा की काय! पण अलीकडे तो प्रश्न कानावर आला की मी घुटमळतो. पाहुण्याला वाटते, याला काही ठाऊक नाही. खरी गोष्ट अशी की, जे ठाऊक होते त्यावरचा माझा विश्वासच डळमळू लागला आहे.

याला निमित्त झाला माझा मेहुणा. तो कोल्हापूरचा. गेल्या वर्षी दिवाळीनंतर तो चार दिवस राहायला आला, तेव्हा मी मोठ्या हौसेने त्याला माझ्या आवडत्या उपाहारगृहात घेऊन गेलो. अर्धा तास रांगेत उभे राहिल्यावर आमच्यापुढे मिसळ आली. मऊ शिजलेली मटकी, बेताचा तिखट रस्सा आणि मागाहून जिभेवर रेंगाळणारी गुळाची पुसट गोडी. मी त्याच्या चेहऱ्याकडे पाहत राहिलो. त्याने मुकाट्याने सारी मिसळ संपवली, पावाच्या शेवटच्या तुकड्याने ताटली पुसून घेतली आणि म्हणाला, “चांगली आहे, दाजी. पण आमच्यासारखी नाही.”

मला ते वाक्य लागले. मिसळ काही मी केलेली नव्हती, तरी अपमान माझाच झाल्यासारखे वाटले. घरी येऊन सौभाग्यवतीजवळ तक्रार केली, तर ती हसू लागली. “त्याला कट लागतो. डोळ्यांत पाणी उभे राहिल्याशिवाय जेवल्यासारखे वाटत नाही त्याला. नेण्याआधी विचारायचे तरी!” मग हातातले काम न थांबवता ती पुढे म्हणाली, “लग्न होऊन आले तेव्हा तुमच्या घरची गोड आमटी मला कशी लागली, ते तरी तुम्ही कधी विचारलेत?”

विचारले नव्हते. खरे तर असा काही प्रश्न असू शकतो, हेच मला सुचले नव्हते. आमची आमटी ही माझ्या लेखी आमटी होती. बाकीच्या साऱ्या तिखट, आंबट किंवा पाणीदार आमट्या होत्या.

त्या रात्री मी या शहराच्या खाण्याचा विचार करू लागलो, आणि एक गोष्ट ध्यानात आली. मुंबईतली जुनी खाण्याची ठिकाणे कुतूहल शमवण्यासाठी निघालेली नाहीत; आपले गाव सोडून आलेल्या माणसाची भूक भागवण्यासाठी ती निघाली. माटुंग्याला १९४२ साली रामा नायकांनी उडुपी पद्धतीची खानावळ काढली, तिथे केळीच्या पानावर वाढलेला भात दक्षिणेकडून आलेल्या माणसाला आपल्या घरच्या ओसरीवर नेऊन बसवीत असे. गिरगावातल्या खोताच्या वाडीत अनंताश्रम होते. आता ते बंद झाले; पण गोमंतकातून आलेल्या कितीतरी माणसांनी तिथल्या हुमणात आपला गाव शोधला असेल. गिरणगावात कोकणातून आणि घाटावरून आलेले कामगार राहत. बायकामुले गावी आणि हे इथे दहा-बारा जणांच्या खोलीत. त्यांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालणाऱ्या खानावळी बहुधा त्याच वस्तीतल्या बायका चालवीत. या बायका सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापून त्यांना बँकेची दारे उघडून दिली. पुढे १९८२ च्या संपाने गिरण्याच बसल्या. पण तोवर किती पिढ्यांनी त्या परक्या बायकांच्या हातच्या भाकरीत आपल्या आईची चव शोधली असेल!

आणि ज्यांना तेवढेही पुरत नव्हते, त्यांनी घरचे अन्नच कचेरीत मागवले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० च्या सुमारास डबेवाल्यांची जी वहिवाट घालून दिली, तिच्यामागे हाच हट्ट आहे. चर्चगेटपाशी डब्यांनी भरलेली लाकडी पाटी डोक्यावर घेऊन धावणारा माणूस पाहिला की माझ्या मनात येते, या पाटीत अन्नापेक्षाही आठवण अधिक आहे. उपाहारगृहांनी गजबजलेल्या शहरात माणसे दुपारी बाराला आपल्याच घराचे झाकण उघडून बसतात.

तेव्हा ‘चांगले कुठे मिळते?’ या प्रश्नाचा खरा अर्थ पुष्कळदा ‘घरच्यासारखे कुठे मिळते?’ असाच असतो. फक्त कुणाच्या घरच्यासारखे, ते विचारणारा सांगत नाही आणि उत्तर देणारा विचारीत नाही.

हल्ली पाहुणे मला विचारीतही नाहीत म्हणा. खिशातून मोबाइल काढतात आणि कुठल्या उपाहारगृहाला किती तारे आहेत ते पाहतात. हजार माणसांनी कौल दिलेला. मग एका म्हाताऱ्याला कशाला विचारा! पण मी एकदा ते अभिप्राय चष्मा लावून वाचले. एकाच रश्श्याला एकाने फार तिखट म्हणून दोन तारे दिले होते, दुसऱ्याने मिळमिळीत म्हणून दोन. दोघांची सरासरी दोनच! कोल्हापूरची जीभ आणि सदाशिव पेठेतली जीभ यांची बेरीज करून दोनांनी भागले, तर जी जीभ हाती येते ती कुणाच्याच तोंडात नसते. २०१५ साली दादरच्या ‘आस्वाद’च्या मिसळीला लंडनच्या एका पुरस्कारात जगातल्या सर्वांत चवदार शाकाहारी पदार्थाचा मान मिळाला. आम्ही दादरकर सुखावलो, यात नवल नाही. पण त्या बातमीने नाशिकच्या वा कोल्हापूरच्या एका तरी माणसाने आपली मिसळ बदलली असेल, असे मला वाटत नाही. बदलायचे कारणही नव्हते.

मग प्रत्येकाची जीभ खरोखरच वेगळी घडवलेली असते काय? शास्त्रज्ञ म्हणतात, पुष्कळ अंशी हो. १९३१ च्या सुमारास आर्थर फॉक्स नावाचा अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ आपल्या प्रयोगशाळेत एक पूड हाताळीत असता ती थोडी हवेत उडाली. शेजारचा सहकारी म्हणाला, ‘काय कडू आहे हो हे!’ फॉक्सने चाखून पाहिली, तर त्याला काहीच चव लागेना. एकाच खोलीतली दोन माणसे आणि एकच पूड! पुढे कळले की ही कडू चव लागणे न लागणे आईबापांकडून येते, आणि २००३ साली तिला कारणीभूत असलेले जनुकही सापडले. कुणाला कोथिंबिरीला साबणाचा वास येतो, त्याचाही असाच काही संबंध वासाच्या जनुकाशी असल्याचे आढळले आहे. आमच्या मेहुण्याच्या तिखटाची तर गंमतच आहे. तिखटपणा ही मुळी चवच नव्हे. आच लागल्याची वर्दी देणाऱ्या ज्या नसा असतात, त्यांनाच मिरची जाऊन भिडते. ही वाट शोधून काढणाऱ्या डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आणि ज्या मिरचीवाचून कोल्हापूरचे नावच पुरे होत नाही, ती या देशात आली पोर्तुगीजांबरोबर, सोळाव्या शतकात. ज्याला आपण वाडवडिलांची चव म्हणतो, तीही कधीकाळी पाहुणीच होती.

त्याहून मला हलवून गेला तो गाजराचा प्रयोग. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत काही बायकांना नियमाने गाजराचा रस पाजला. पुढे त्यांची मुले पहिले घन अन्न खाऊ लागली, तेव्हा गाजराची चव असलेली खीर त्यांनी इतर मुलांपेक्षा अधिक खुशीने खाल्ली. २००१ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे डोहाळे पुरवण्याची चाल आहे, तिच्यात एवढे गुपित दडले असेल असे कुणाला वाटले असेल? जगाचा पहिला घास घेण्याआधीच आईच्या ताटातले काहीतरी आपल्या जिभेवर लिहून गेलेले असते. मग मेहुण्याला माझी मिसळ ‘आमच्यासारखी’ लागली नाही, यात त्याचा काय अपराध?

इथवर आले की माणूस सुखाने सुस्कारा टाकतो आणि म्हणतो, “व्यक्ती तितक्या प्रकृती! ज्याची त्याची आवड. वाद मिटला.” पण वाद मिटत नाही, कारण सारेच काही आवडीवर सोडता येत नाही. चार वेळा उकळलेल्या तेलात तळलेला वडा कुणाला आवडला, तरी तो चांगला ठरत नाही. शिळ्या भाताला फोडणी देऊन ताजा म्हणून वाढणाऱ्याला ‘आवड’ या शब्दाआड लपता येत नाही. डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने १७५७ साली आवडीनिवडीच्या कसोटीवर एक निबंध लिहिला. त्यात त्याने ‘डॉन क्विक्झोट’मधली एक गोष्ट घेतली आहे. दोन जाणत्यांना पिंपातली दारू चाखायला दिली. एक म्हणाला, उत्तम आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, उत्तम, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांना हसले. पुढे पिंप रिकामे झाले, तेव्हा तळाशी चामड्याचा पट्टा बांधलेली एक जुनी किल्ली निघाली! जीभ दर वेळी केवळ आपल्या मनातलेच बोलत नाही. कधी कधी ती पिंपातली किल्लीही ओळखते. म्हणून अनुभवी जिभेला मान द्यावा, हे खरेच.

पण त्यानंतर काही वर्षांनी, १७९० साली, जर्मन तत्त्वज्ञ कांट याने दुसरी बाजू दाखवली. ‘ही दारू मधुर आहे’ असे म्हणणाऱ्याला कुणी दुरुस्त केले आणि ‘मला मधुर लागते’ असे म्हणायला सांगितले, तर त्याने ते मुकाट्याने मान्य करावे, असे तो म्हणतो. केवढी साधी दुरुस्ती! एक ‘मला’ वाढवायचा. पण हा एक शब्द तोंडात यायला कधी कधी अर्धे आयुष्य जाते. तो न आल्यामुळे माझ्या हातून जे घडले, ते आता सांगितले पाहिजे.

१९९८ साली मी आमच्या सोसायटीचा चिटणीस होतो. दुसऱ्या मजल्यावर एक कुटुंब भाड्याने राहायला आले. नवरा, बायको, दोन मुले आणि नवऱ्याची म्हातारी आई. माणसे शांत, भाडे वेळेवर. पण आठवड्यातून दोन-तीनदा त्यांच्या स्वयंपाकघरातून सुक्या मासळीचा वास जिन्यात येई. सभासद कुरकुरू लागले. बैठक भरली. ‘मला हा वास सहन होत नाही’ असे कुणीच म्हणाले नाही. सारे म्हणाले, ‘वास घाण आहे.’ पुढल्या बैठकीत ‘असली माणसे’ हा शब्द आला. वासावरून माणसांवर यायला एवढाच वेळ लागतो! पूर्वीच्या मुंबईत ‘ब्राह्मणांचे उपाहारगृह’ अशा पाट्या उघड लावीत. आम्ही सुधारलेले, आम्ही पाटी लावली नाही. मी चिटणीस या नात्याने शुद्ध मराठीत एक सभ्य पत्र लिहिले: ‘आपल्या घरातून येणाऱ्या उग्र वासामुळे सभासदांची गैरसोय होत आहे, तरी योग्य ती खबरदारी घ्यावी.’ त्या पत्रातल्या भाषेबद्दल मला थोडा अभिमानही वाटला होता.

तीन महिन्यांनी ते कुटुंब निघून गेले. जाताना ते गृहस्थ निरोप घ्यायला माझ्या दारात आले. रागाचा मागमूस नव्हता. म्हणाले, “साहेब, एक सांगू? तुमच्या घरच्या हिंगाच्या फोडणीचा वास आमच्या आईला सोसत नसे. मळमळायचे तिला. ती आपली खिडकी लावून घ्यायची. पत्र लिहावे, असे कधी आमच्या मनात आले नाही.”

मी काहीतरी गुळमुळीत बोललो. आमच्या फोडणीला वास असतो, हे मला त्या दिवशी प्रथम समजले.

त्यानंतर सात वर्षांनी, २६ जुलै २००५ रोजी, मुंबईवर आभाळ कोसळले. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. गाड्या बंद, रस्ते पाण्याखाली. मी अंधेरीहून दादरकडे चालत निघालो होतो. कमरेइतक्या पाण्यातून वाट काढीत रात्री उशिरा माहीमपर्यंत पोचलो आणि पाय चालेनासे झाले. कोळीवाड्यातल्या एका बाईने मला दारातून हाक मारली आणि घरात घेतले. अंग पुसायला पंचा दिला, चहा दिला. घरात आगोटीची बेगमी भरलेली होती: सुके बोंबील, सोडे, जवळा. पावसाळ्यात होड्या किनाऱ्याला ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत ह्यावरच भागवायचे. ज्या वासासाठी मी पत्र लिहिले होते, तोच वास त्या घराच्या भिंतींना होता.

चूल पेटवण्याआधी बाई माझ्याकडे वळून म्हणाली, “दादा, म्हावरं खाता काय तुम्ही? नाय खात तर सांगा, लाजू नका.”

मी मान हलवली. तिने फळीवरून एक टोप उतरवला. “ह्याच्यात म्हावरं कधी शिजलं नाय,” असे म्हणून तिने त्यात डाळभात शिजवला आणि वर भाजलेला पापड ठेवला. मी जेवलो. थकलेला माणूस झोपतो तसा झोपलो. सकाळी उठलो तेव्हा तो वास कुठे गेला, मला कळेना. वास तिथेच होता. रात्रभरात नाक त्याला सरावले होते. अवघी एक रात्र! आणि आम्ही त्या कुटुंबाला आठ महिन्यांत एक रात्रही दिली नव्हती.

पुढे मी त्यांचा शोध घेतला. ते विरारकडे गेले, एवढेच समजले. त्या पत्राची एक प्रत सोसायटीच्या फायलीत अजून असेल. ती फाडून टाकावी, असे कितीदा मनात आले. पण ती असलेली बरी.

आज मागे वळून पाहताना वाटते, त्या कोळणीने कुठल्या तत्त्वज्ञाचे नाव ऐकले नसेल, पण ‘चांगले कुठे मिळते?’ या प्रश्नाचे खरे उत्तर तिच्याजवळ होते. तिने आधी विचारले, ‘तुम्ही काय खाता?’ मी मेहुण्याला हे विचारले नाही, बायकोला विचारले नाही, त्या भाडेकरूंना तर नाहीच. कुणाला चांगली जागा सुचवणे म्हणजे त्याच्या भुकेची काही काळ जबाबदारी घेणे. ती घ्यायची, तर त्याच्या जिभेची चौकशी नको का? आपल्या भरतमुनींनी नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय, हे समजावताना जेवणाराचाच दाखला दिला आहे. नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आस्वाद कोण घेतो? भरत म्हणतो, सुमनस पुरुष. चांगली जीभ असलेला, असे तो म्हणत नाही; चांगले मन असलेला, असे म्हणतो. पूर्वी हा शब्द मी अलंकार म्हणून वाचून पुढे जात असे.

सुमनस होणे म्हणजे सारे काही आवडून घेणे, असे मात्र मी समजत नाही. मी अजून मासळी खात नाही. मेहुण्याच्या कटाने माझ्या डोळ्यांतून धारा लागतात. तेल खराब असेल तर ते मी तोंडावर सांगतो, आणि सांगावेच. पण किल्ली पिंपात आहे की माझ्या जिभेवर, हे एकदा तपासून मगच तोंड उघडतो.

या दिवाळीत चकल्या पाडता पाडता मी सौभाग्यवतीला तो राहिलेला प्रश्न विचारला. आमची आमटी तेव्हा कशी लागली होती? सोऱ्याला पीठ भरता भरता ती म्हणाली, “पहिले वर्षभर घास उतरत नसे. चोरून मिरची चावत असे मी.” मग थोड्या वेळाने, “आता आवडते. सवयीने आवडली की आवडली म्हणून सवय झाली, ते मात्र विचारू नका.” त्या संध्याकाळी आमच्या घरी दोन आमट्या झाल्या. इतकी वर्षे का झाल्या नाहीत, याचे उत्तर मला देता आले नाही.

दिवाळीत फराळाची ताटे शेजारी पोचवण्याची आपली चाल आहे. सातआठ घरांतून सातआठ ताटे येतात. प्रत्येक घरी तोच चिवडा, तीच चकली, तोच अनारसा. आणि एकाची चव दुसऱ्याला नाही. कुणाच्या चिवड्यात साखर अधिक, कुणाच्यात लसूण, कुणाच्या चकलीत ओवा. लहानपणी मला वाटे, घरी एवढे असताना दुसऱ्याचे कशाला खायचे? आता वाटते, वर्षातून चार दिवस तरी दुसऱ्याच्या घरची चव आपल्या घरात यावी, तिला पाटावर बसवावे, म्हणून तर कुणा शहाण्या पूर्वजाने ही चाल घातली नसेल?

काल शेजारच्या सूनबाई ताट घेऊन आल्या. त्या नवीनच लग्न होऊन आलेल्या, माहेर दूर नागपूरकडचे. मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला. त्या दारात उभ्या राहून माझ्या चेहऱ्याकडे पाहत होत्या. मी मेहुण्याकडे पाहत होतो तशाच. मेहुण्याचे वाक्य माझ्या ओठांवर आले होते. मी त्यातले शब्द तेच ठेवले, फक्त जागा बदलल्या.

“आमच्यासारखी नाही,” मी म्हणालो, “पण चांगली आहे.” आणि दुसरी उचलली.